सोनारानेच कान टोचावेत

छंद हे सर्वांत स्वस्त टॉनिक आहे, असे मी रुग्णांना नेहमी सांगतो. नोकरीतून निवृत्त झालेला, रक्तदाब किंवा मधुमेहाची गोळी नुकतीच सुरू झालेला माणूस घरात बसून राहिला की त्याच्या तक्रारी वाढतात. तोच माणूस भजनात, बागेत, बुद्धिबळात किंवा कॅमेऱ्यात रमला की दुखणे असूनही तो दुखणेकरी राहत नाही. त्यातही फोटोग्राफीचा छंद विशेष गुणकारी. चांगला उजेड हवा म्हणून पहाटे उठावे लागते, पायी फिरावे लागते आणि नजर जागी ठेवावी लागते. पैनगंगेच्या काठी, पळस फुलला असताना, पोळ्याच्या दिवशी किंवा तांड्यावरच्या तीजेच्या सणाला कॅमेरा घेऊन फिरणारी हौशी मंडळी आपल्या भागात आता बरीच दिसतात.

एक काळ असा होता की, कॅमेरा फक्त फोटो स्टुडिओत असायचा. फार तर एखाद्या हौशी घरी बडोद्यात तयार होणारा आगफा क्लिक थ्री. एका रोलमध्ये बारा फोटो निघत. त्यामुळे बटण दाबण्यापूर्वी माणूस दहा वेळा विचार करी. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे आणि दिवसाला शंभर फोटो निघतात. त्याबद्दल तक्रार नाही. मात्र या छंदाला एक कीड लागलेली दिसते. ती म्हणजे तोंडदेखली वाहवा. चार हौशी लोक एकत्र आले की एकमेकांचे फोटो पाहतात आणि प्रत्येक फोटोला एकच उत्तर मिळते : "वा! छानच!" फोटो हललेला असो, वाकडा असो, माणसाच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलेला असो, उत्तर बदलत नाही.

आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे वाचकांना वाटेल. पण 'बरे वाटावे म्हणून खोटे बोलणे' आणि 'बरे व्हावे म्हणून खरे बोलणे' हा फरक डॉक्टरला रोजच करावा लागतो. आणि, पुढे सांगितल्याप्रमाणे, फोटो पाहून खरे न बोलल्यामुळे कधी कधी एखाद्याच्या डोळ्यावर किंवा जिवावरही बेतू शकते.

जुन्या मंडळींची शिस्त

फोटोग्राफीची पद्धत १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये जाहीर झाली. त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांत, म्हणजे १८५४ साली, मुंबईत 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन झाली. डॉक्टरांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे होते. दोघेही मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून शिकलेले. त्या काळी काचेवर रसायन लावून, ते ओले असतानाच फोटो घ्यावा लागे. चूक झाली की काच वाया. त्यामुळे संस्थेच्या सभांत आणि तिच्या मासिकात 'फोटो छान' यापेक्षा 'कोणते रसायन किती वापरले आणि काय बिघडले' या चर्चेला महत्त्व होते.

पुढे १९३७ साली मुंबईत 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया' आणि १९५३ साली अखिल भारतीय पातळीवरचे 'फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी' स्थापन झाले. अशा संस्थांच्या प्रदर्शनांना 'सॅलन' म्हणतात. तेथील पद्धत समजून घेण्यासारखी आहे. फोटो परीक्षकांसमोर येतो, पण त्याबरोबर नाव येत नाही. तो तहसीलदारांचा आहे, भाच्याचा आहे की शेजाऱ्याचा, हे परीक्षकाला ठाऊक नसते. प्रत्येक परीक्षक आपले गुण देतो, त्यांची बेरीज होते आणि फोटो 'स्वीकृत' किंवा 'अस्वीकृत' ठरतो. नामांकित लोकांचेही फोटो परत येतात. त्यात अपमान कोणी मानत नाही, कारण निकाल फोटोचा असतो, माणसाचा नसतो. ही भीड नसलेली जागा मुद्दाम तयार करावी लागते, हे त्या मंडळींनी ओळखले होते.

भीड भिकेची बहीण

आपण खोटी स्तुती का करतो? वाईट हेतूने नव्हे. लहान गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. आज ज्याच्या फोटोला नावे ठेवायची, उद्या त्याच्याच घरी लग्नाला जायचे असते. शिवाय मी तुझ्या फोटोला छान म्हणालो की तूही माझ्या फोटोला छान म्हणशील, हा न बोललेला व्यवहार असतोच. अप्रिय बातमी सांगायला माणूस टाळाटाळ करतो, हे १९७० साली रोझेन आणि टेसर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगाने दाखवले. चांगला निरोप माणसे लगेच आणि पूर्ण पोहोचवतात, वाईट निरोप मात्र अर्धवट सांगतात किंवा गिळून टाकतात. आपल्याकडे यासाठी प्रयोगाची गरज पडली नाही. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण आपल्या आजीला पाठ होती.

या वाहवेचा पहिला तोटा म्हणजे शिकणे थांबते. दुसरा तोटा मनाचा आहे. १९९८ साली म्यूलर आणि ड्वेक या संशोधक महिलांनी अमेरिकेतील पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. मुलांना सोपी कोडी दिली. ती सुटल्यावर काहींना 'तू हुशार आहेस' म्हटले, तर काहींना 'तू चांगली मेहनत घेतलीस' म्हटले. नंतर अवघड कोडी दिली. ज्यांच्या हुशारीची स्तुती झाली होती, ती मुले लवकर हिरमुसली, त्यांची गोडी कमी झाली आणि पुढच्या सोप्या कोड्यांतही ती मागे पडली. एवढेच नव्हे, तर आपले गुण वाढवून सांगण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त होते. मेहनतीची स्तुती झालेली मुले मात्र चिकाटीने बसली.

मोठ्या माणसांतही मला असेच दिसते. हरभऱ्याच्या झाडावर चढवलेल्या माणसाला खाली उतरण्याची भीती वाटते. जो फोटो काढून आनंद मिळायचा, तो आता कोणी 'वा' म्हटल्याशिवाय मिळत नाही. एका दिवशी वाहवा कमी पडली की झोप लागत नाही, चिडचिड होते. टॉनिक म्हणून घेतलेल्या छंदाचे असे व्यसन होते. त्यापुढची पायरी म्हणजे वाहवेसाठी जीव धोक्यात घालणे. पावसाळ्यात सहस्रकुंडच्या धबधब्याजवळ निसरड्या खडकावर उभे राहून काढलेला फोटो कोणी दाखवला, तर 'काय डेअरिंग!' असे म्हणू नये. 'फोटो राहू दे, पुन्हा तिथे उभा राहू नकोस,' असे म्हणणारा त्याचा खरा मित्र.

डोळ्यांचा दोष फोटोत दिसतो

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एक निवृत्त शिक्षक, वय सत्तरच्या आसपास, उत्तम फोटो काढणारे. पक्ष्यांचे फोटो ही त्यांची खासियत. सवयीप्रमाणे ते फोकस हातानेच जुळवायचे. वर्षभरात त्यांचे फोटो धूसर येऊ लागले. घरी संगणकावर ते रंग इतके वाढवायचे की पोपट हिरवा न दिसता रंगपंचमीतून आल्यासारखा दिसे. मित्रमंडळी 'सर, तुमच्या फोटोची गोष्टच वेगळी' म्हणत राहिली. शेवटी त्यांचाच एक जुना विद्यार्थी म्हणाला, "सर, राग मानू नका, पण मागच्या पावसाळ्यापासून तुमच्या एकाही फोटोत पक्ष्याचा डोळा स्वच्छ नाही. आणि रंग भडक होताहेत. चष्मा तपासून घेता का?"

सरांना राग आला. दोन-तीन आठवडे ते त्या मुलाशी बोलले नाहीत. पण शब्द मनात राहिला आणि ते दवाखान्यात आले. बॅटरीच्या उजेडातच दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू दिसत होता. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले. आधी एका आणि काही आठवड्यांनी दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. नंतर त्यांनी आपले त्या वर्षातले फोटो पाहिले आणि स्वतःच बरेचसे काढून टाकले. त्यांच्या भोवती वर्षभर दहा-बारा माणसे तेच फोटो पाहत होती. बोलला फक्त एक.

मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ आणि पिवळट होत जाते. निळा रंग मंद दिसतो, सगळे धुक्यातून पाहिल्यासारखे वाटते. हा बदल इतका सावकाश होतो की रुग्णाला तो कळतच नाही. फ्रान्सचे जगप्रसिद्ध चित्रकार क्लोद मोने यांना १९१२ साली मोतीबिंदूचे निदान झाले आणि १९२३ साली उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. मधल्या काळातील त्यांच्या काही चित्रांत लाल-तपकिरी रंगांचा जोर दिसतो. एवढ्या मोठ्या कलावंताचीही नजर अशी दगा देते, तर आपली काय कथा! तेव्हा ज्येष्ठ छायाचित्रकाराचे फोटो एकदम धूसर किंवा भडक होऊ लागले, तर ते सांगणे हे मित्राचे कर्तव्य आहे. हात हलल्यामुळे फोटो वारंवार खराब येत असतील तर तेही सांगावे. हाताचा कंप वय, थायरॉईड, काही औषधे किंवा कंपवात यांमुळे असू शकतो.

फोटोतल्या माणसाकडे नीट पाहा

आता सर्वांत महत्त्वाचे. घरात बाळाचे फोटो रोज निघतात आणि सगळे 'गोड आहे' म्हणतात. फ्लॅश वापरून समोरून काढलेल्या फोटोत डोळ्याच्या मधल्या बाहुलीत बहुधा लाल चमक येते. आतल्या दृष्टिपटलाच्या रक्तपुरवठ्यामुळे ती येते आणि ती निरोगीपणाची खूण आहे. पण एका डोळ्यात लाल आणि दुसऱ्या डोळ्यात पांढरी किंवा पिवळसर चमक वारंवार दिसत असेल, तर ती दुर्लक्ष करण्याची गोष्ट नाही. प्रकाशाच्या कोनामुळेही कधी अशी चमक येते. पण जन्मजात मोतीबिंदू किंवा 'रेटिनोब्लास्टोमा' हा लहान मुलांच्या डोळ्याचा कर्करोगही असू शकतो. हा रोग बहुतेक करून पाच वर्षांच्या आतील मुलांना होतो. लवकर सापडला तर बहुतेक मुलांचा जीव वाचतो आणि पुष्कळदा डोळाही वाचवता येतो. उशीर झाला तर दोन्ही जाण्याची भीती. जगात कितीतरी मुलांच्या बाबतीत ही पहिली खूण आईवडिलांना फोटोतच दिसलेली आहे. आजच्या मोबाईलमध्ये डोळ्यातील लाली पुसण्याची सोय असते, त्यामुळे काही वेळा ही खूण झाकली जाते, हेही लक्षात ठेवावे. शेजारणीच्या बाळाच्या फोटोत असे दिसले तर 'कशाला बोला' म्हणून गप्प राहू नये. आठवड्याच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायला सांगावे.

मोठ्या माणसांचेही तसेच. वर्षापूर्वीचा लग्नातला फोटो आणि आजचा फोटो शेजारी ठेवला की पुष्कळ कळते. आम्ही डॉक्टर थायरॉईडच्या किंवा पियुषिका ग्रंथीच्या आजारात रुग्णाला जुना फोटो मुद्दाम आणायला सांगतो. चेहरा सुजट होणे, नाक-जबडा मोठा होणे असे सावकाश झालेले बदल रोज पाहणाऱ्याला कळत नाहीत. 'अरे वा, बारीक झालात! छान दिसता!' ही स्तुती तर फारच घातक. प्रयत्न न करता वजन उतरत असेल तर त्यामागे मधुमेह, क्षयरोग, थायरॉईड किंवा कर्करोग असू शकतो. अशा माणसाला विचारावे, "वजन मुद्दाम कमी केले की आपोआप उतरले?" या एका प्रश्नाने तपासणी काही महिने आधी होऊ शकते.

फटकळपणा म्हणजे खरेपणा नव्हे

एवढे वाचून काही वाचक उद्यापासून सगळ्यांचे फोटो फाडायला निघतील. तसे करू नये. १९९६ साली क्लूगर आणि डेनिसी यांनी, माणसाला त्याच्या कामाबद्दल अभिप्राय दिल्यावर काय होते, यावरचे सहाशेहून अधिक निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीने अभिप्रायाचा फायदाच झाला होता. पण तिसऱ्या हिश्श्याहून अधिक ठिकाणी अभिप्रायानंतर काम आधीपेक्षा बिघडले होते. याचे एक कारण त्यांनी असे मांडले की, अभिप्रायाचा रोख कामावरून माणसाच्या स्वतःवर गेला की तो उपयोगी राहत नाही. 'हा फोटो वाकडा आहे' याने फोटो सुधारतो. 'तुला कधी जमणारच नाही' याने माणूस कॅमेरा कपाटात ठेवतो. चारचौघांत केलेली चेष्टा तर अनेक वर्षे विसरली जात नाही, आणि एखाद्या शाळकरी मुलीचा छंद त्या एका वाक्याने कायमचा सुटतो. आपल्याकडे म्हण आहे, सोनारानेच कान टोचावेत. टोचायचे तर आहेच, पण जागा माहीत असलेल्याने, स्वच्छ सुईने आणि दागिना घालण्यासाठी.

वैद्यकशास्त्रातही ही शिस्त मेहनतीने आणलेली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी एक पद्धत रूढ केली. रुग्णाची हकिगत ऐकून एक डॉक्टर सर्वांसमोर निदान सांगणार आणि मग शवविच्छेदनात काय आढळले ते जाहीर होणार. मोठमोठे डॉक्टर विद्यार्थ्यांसमोर चुकायचे आणि त्यातून सगळे शिकायचे. पुढे १९८४ साली इंग्लंडमध्ये पेंडलटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी, शिकाऊ डॉक्टरला त्याच्या कामाबद्दल कसे सांगावे, याचे सोपे नियम मांडले. काम करणाऱ्याने आधी स्वतःच काय चांगले झाले ते सांगायचे, मग पाहणाऱ्याने. त्यानंतर काय सुधारता येईल ते आधी त्याने आणि मग पाहणाऱ्याने सांगायचे.

सांगावे कसे, ऐकावे कसे?

हौशी मंडळींसाठी या सगळ्याचे सार असे सांगता येईल :

१) आधी विचारा : "नुसता दाखवतोस, की मत हवे आहे?" आजीचा शेवटचा फोटो कोणी दाखवत असेल तर तेथे फोकसची चर्चा करू नये. आरोग्याची शंका मात्र न विचारताही, पण एकांतात सांगावी.

२) फोटो निदान अर्धा मिनिट पाहा. न पाहता केलेली स्तुती आणि न पाहता केलेली टीका दोन्ही सारख्याच निरुपयोगी.

३) चांगले सांगताना नेमके सांगा. 'छान' याऐवजी 'कापूस वेचणाऱ्या बाईच्या हातावर पडलेला उजेड चांगला धरला आहे' असे म्हणा. नेमकी स्तुती खोटी करता येत नाही.

४) दोषही नेमका सांगा आणि उपाय जोडा. 'क्षितिज डावीकडे कलले आहे, थोडे सरळ कर', 'मागचा खांब डोक्यावर आला आहे, दोन पावले सरकायला हवे होते', 'संध्याकाळी उजेड कमी असतो, कोपर झाडाला टेकव म्हणजे हात हलणार नाही.' एका वेळी एक-दोन दोष पुरे. औषधाचा सगळा कोर्स एकाच दिवशी देत नाहीत.

५) फोटोबद्दल बोला, माणसाबद्दल नको. वय, जात, शिक्षण, कॅमेऱ्याची किंमत यांचा उल्लेखही नको.

६) नवशिक्याला जास्त धीर द्या, जाणत्याला जास्त खरे सांगा.

७) महिन्यातून एकदा चार-पाच जणांनी नाव न लिहिता फोटो एकत्र ठेवून पाहावेत. शाळेच्या वर्गात, वाचनालयात कुठेही जमेल. सॅलनची पद्धत आपल्या तालुक्यातही चालू शकते, त्याला खर्च नाही.

ऐकणाऱ्यासाठी पथ्य एकच. टीका ऐकल्याबरोबर उत्तर देऊ नये. छातीत धडधडते, कान गरम होतात, हे शरीराचे नैसर्गिक वागणे आहे. ते थोड्या वेळाने ओसरते. 'बरे, पाहतो' एवढेच म्हणावे, रात्र जाऊ द्यावी आणि सकाळी फोटो पुन्हा पाहावा. दोन वेगवेगळ्या माणसांनी तोच दोष दाखवला असेल तर तो बहुधा खरा असतो. एकानेच सांगितला आणि आपल्याला पटला नाही, तर सोडून द्यावा. प्रत्येक टीका बरोबर असतेच असे नाही. आणि ज्याला केवळ स्वतःच्या आनंदासाठी फोटो काढायचे आहेत, स्पर्धा नको, शिकणे नको, त्याने तसे मोकळेपणाने सांगावे. तोही छंदाचा निरोगी प्रकार आहे.

या आठवड्यात एक करून पाहा. घरातले अलीकडचे दहा फोटो काढा. बाळाच्या डोळ्यांकडे, वडिलांच्या चेहऱ्याकडे, आईच्या उतरलेल्या वजनाकडे नीट पाहा. काही वेगळे वाटले तर जवळच्या डॉक्टरांना तो फोटो दाखवा. आणि जो मित्र तुमच्या प्रत्येक फोटोला 'छान' म्हणतो, त्याला यापुढे एवढेच विचारा : "छान काय आहे ते सांग, आणि एक चूकही सांग."